बुधवारचं चार्जिंग

माझ्या सासूबाईंनी लग्न सासऱ्यांशी केलं, पण संसार बॅटऱ्यांशी केला, असं मी आमच्या वसाहतीत उघड म्हणते. त्यांच्या तोंडावरही म्हणते. बॅटरी म्हणजे टॉर्च; आमच्या तळवड्यात टॉर्चला कुणी टॉर्च म्हणत नाही. आमच्या दोन खोल्यांत देवघराशेजारी एक बॅटरी, मोरीच्या कडीला एक, पिठाच्या डब्यावर एक, आणि एक छोटी, काळी, सासूबाईंच्या कमरेला किल्ल्यांच्या जुडग्यात. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी मला घर दाखवलं ते असं. कपाट कुठलं, भांडी कुठं, हे नंतर. आधी बॅटऱ्या.

सोजरबाई त्यांचं नाव. मूळच्या बार्शीकडच्या. तिकडं सासूला आत्या म्हणतात, म्हणून मीही आत्याच म्हणते, माझं माहेर पिंपरीचं असलं तरी. कॉटखाली इन्व्हर्टर आहे, तो माझा नवरा शेखर आणि मी हप्त्यानं घेतला, पण त्याची मालकी आत्यांची. तुळशीला पाणी घालायच्या आधी त्या खाली वाकून इन्व्हर्टरचं पाणी बघतात. मला दोन दिवस ताप होता तेव्हाही त्यांनी आधी इन्व्हर्टर बघितला आणि मग माझ्या कपाळाला हात लावला. हे मी अजून विसरलेले नाही.

आता गुरुवारचं सांगायला हवं. आमच्या या पट्ट्यात, भोसरीपासून चाकणपर्यंत, आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. कंपन्या गुरुवारी बंद, म्हणून वीजवाले दुरुस्तीची कामंही गुरुवारी काढतात. सकाळी लाईट गेली की कधी दुपारी येते, कधी पार दिवेलागणीला. आमच्या वसाहतीतल्या आतल्या खोल्यांना खिडकी नाही, त्यामुळे भर दुपारीही स्वयंपाकघरात डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही. बाहेरच्या लोकांना याचं नवल वाटतं. आम्हाला नाही. गुरुवार आहे, लाईट जाणार. इतर वारी लाईट गेली तर आम्हाला उलट अपमान झाल्यासारखं वाटतं.

म्हणून बुधवारी संध्याकाळी आत्यांची फेरी. तीन इमारती, चार-चार मजले, समोरासमोर लांब गॅलऱ्या आणि मधे मैदान. आत्या गुडघे धरत प्रत्येक जिना चढतात आणि प्रत्येक दारात एकच प्रश्न विचारतात.

"लावलं का?"

चार्जिंगला बॅटरी लावली का, एवढाच त्याचा अर्थ. लावलं म्हटलं की पुढच्या दारात. नाही म्हटलं की त्या उंबऱ्यात बसतात आणि चार्जर शोधून पिन खोचेपर्यंत उठत नाहीत. मोबाईलचा उजेड त्यांना चालत नाही. "फोन आला तर बोलायचं का उजेड पाडायचा?" असं विचारतात. पोरं त्यांना बघून "काकी आली, बुधवार आला" असं ओरडत पळतात. सुरुवातीला मला लाज वाटायची. माझी सासू दारोदार फिरते आणि लोक हसतात, हे कुणाला आवडेल?

मग शेखरनं मला सांगितलं.

स्वरूपा, म्हणजे माझी नणंद, तेव्हा बालवाडीत होती. सासरे वारले होते. आत्या एका छोट्या शेडमध्ये पॉवर प्रेसवर होत्या. मोटरसायकलचे पत्र्याचे तुकडे त्या यंत्राखाली दाबून काढायचे. पत्रा ठेवायचा, पायानं पेडल दाबायचं, तुकडा काढायचा. एका संध्याकाळी लाईट गेली. मोटर थांबली, पण यंत्राचं जड चाक लगेच थांबत नाही, ते फिरत राहतं. अंधारात आत्यांनी तुकडा काढायला हात घातला आणि प्रेस आणखी एकदा खाली आली. उजव्या हाताची दोन बोटं गेली. शेडमध्ये दहाबारा बायका होत्या, एकीजवळही बॅटरी नव्हती. त्या बायकांकडे तेव्हा फोन नव्हते. काड्यापेटी ठेवायला तिथं बंदी. आत्यांचा हात लुगड्यात गुंडाळला आणि तशाच रिक्षात घातलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, बोटं आणली असती तर जोडायचा प्रयत्न केला असता. बोटं शेडमध्येच राहिली होती. अंधारात कुणाला सापडली नव्हती.

त्या दिवसापासून चारचौघांत आत्यांचा उजवा हात पदराखाली असतो. वाण देताना, हळदीकुंकवाला, फोटोत, कुठंही तो हात दिसत नाही. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये त्या सगळीकडे डाव्या हातानं अक्षता टाकताना दिसतात. मला हे समजलं त्या रात्री मी पिठाच्या डब्यावरची बॅटरी स्वतः चार्जिंगला लावली. हसणं मात्र सोडलं नाही; हसले नाही तर त्यांना करमत नाही.

स्वरूपा मोठी झाली ती मैदानावर. घरात कमी, कबड्डीत जास्त. गुडघे कायम फुटलेले, केस घामानं चिकटलेले, आणि भूक अशी की मी दुसऱ्यांदा कणीक मळायची. चढाईला गेली की पकडणारीच्या हातून निसटायची. बारावीनंतर ती चाकणच्या एका कंपनीत ठेकेदारामार्फत पॅकिंगला लागली. ठेका सहा-सात महिन्यांचा, मग ब्रेक, मग पुन्हा दुसरीकडे. यंदा ब्रेक आला आणि ठेकेदारानं फोनवर सांगितलं, पुढच्या महिन्यापासून पॅकिंगला जागा नाही, प्रेसशॉपला आहे. यायचं तर ये.

स्वरूपा म्हणाली, जाते. घरात पैसे लागतात, आता प्रेसला सेन्सर असतात, काही होत नाही. आत्या उठून मोरीत गेल्या आणि बराच वेळ नळ सोडून उभ्या राहिल्या. पाणी वाया गेलेलं त्यांना कधीच चालत नाही. मला त्या नळाच्या आवाजानं रडू आलं.

तेवढ्यात दुसरं दार किलकिलं झालं. आमच्या पट्ट्याबाहेरच्या, रविवारी सुट्टी असणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या महिला कबड्डी संघात एक चढाईपटू हवी होती. खेळाडू म्हणून कायमची नोकरी, स्टोअरमध्ये बसून काम. त्यांच्या प्रशिक्षक आम्रपाली मॅडम गावोगावच्या स्पर्धा बघत फिरत होत्या, आणि आमच्या वसाहतीच्या मंडळाच्या स्पर्धेतल्या अंतिम सामन्याला येते म्हणाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांना कंपनीत नाव द्यायचं होतं. म्हणजे जे काही दाखवायचं ते त्या एका सामन्यात.

सामना बुधवारी संध्याकाळी ठेवला होता. आमच्याकडे सगळं बुधवारी संध्याकाळीच असतं, दुसऱ्या दिवशी सुट्टी असते म्हणून. चार कोपऱ्यांना मोठे दिवे, चुन्याच्या ताज्या रेषा, माईकवर मंडळाचा विक्की. मुलगा कामाचा आहे, फक्त स्वतःवर फार खूश असतो. शेखर दुसऱ्या पाळीला होता. आत्या आपली फेरी आटोपून, सगळ्यांचं चार्जिंग बघून, माझ्या शेजारी येऊन बसल्या. हात पदराखाली.

समोरचा संघ चाकणहून टेम्पो भरून आला होता आणि तगडा होता. मध्यंतरानंतर आमच्या पोरी पाच गुणांनी मागे होत्या. स्वरूपानं एक सुरेख चढाई केली, आम्रपाली मॅडम खुर्चीत पुढं सरकल्या, आणि त्याच क्षणाला लाईट गेली.

सगळी. मैदानाची, गॅलऱ्यांची, रस्त्याची. माईक बंद पडला. पलीकडे रस्त्याचं काम चाललं होतं, तिथं जेसीबीनं केबल तोडली होती. कुणीतरी ओरडून सांगितलं, आता लवकर येत नाही.

"विक्की, जनरेटर!" मी ओरडले.

विक्कीनं मान खाजवली. मग हळूच म्हणाला, "वहिनी, जनरेटर उद्याचा सांगितलाय. बक्षीस समारंभाला."

"उद्याचा?"

"लाईट गुरुवारी जाते ना, वहिनी. बुधवारी कधी गेलीय का?"

मी त्याला जे बोलले ते इथं लिहीत नाही. पण खरं सांगायचं तर मलाही हे सुचलं नसतं. या पट्ट्यात जनरेटर सांगायचा तर गुरुवारचाच सांगणार. बुधवारचा कोण सांगतो? त्यानं जनरेटरवाल्याला फोन लावला, तर तो मोशीला एका लग्नात.

पंच सयाजीराव म्हणजे कडक माणूस. हातातल्या फोनच्या उजेडात त्यांनी दोन्ही कर्णधारांना बोलावलं. अर्धा तास थांबू, म्हणाले. तेवढ्यात मैदानावर पुरेसा उजेड झाला तर खेळ पुढं, नाहीतर आहे त्या गुणांवर निकाल. आहे त्या गुणांवर म्हणजे आम्ही हरलो. आम्रपाली मॅडम विक्कीला विचारत होत्या की त्यांची गाडी गेटपर्यंत येईल का.

स्वरूपा मध्यरेषेजवळच मातीत बसून राहिली होती. गुडघ्यात मान घालून. मला ती दिसत नव्हती, फक्त तिच्या पांढऱ्या बनियनचा अंदाज येत होता. मला इतका राग आला होता की कुणावर काढावा कळेना. जेसीबीवर, विक्कीवर, त्या ठेकेदारावर.

"करिष्मा," आत्या म्हणाल्या, "आज वार कुठला?"

"बुधवार. आता वार काय विचारता?"

"मंग?"

त्या उठल्या. कमरेची बॅटरी लावली आणि चालत सरळ मैदानाच्या मधोमध गेल्या, चपला बाहेर काढून, कारण मैदानात चपला चालत नाहीत. तिथं उभ्या राहून त्यांनी तिन्ही इमारतींकडे तोंड वर केलं आणि माझ्या सासूचा आवाज किती मोठा आहे हे मला त्या दिवशी कळलं.

"ए! लावलं का?"

मग दुसऱ्या मजल्यावरून एक बाई ओरडली, "लावलं, काकी!" मग समोरच्या इमारतीतून, "लावलं!" मग तिन्हीकडून, बायका, पुरुष, ती पळणारी पोरं, सगळी एकदम, "लावलं! लावलं!" आणि दारं उघडायला लागली. कधी नव्हे तो मला आत्यांचा इतका अभिमान वाटला की मी वेड्यासारखी टाळ्या वाजवत सुटले.

लोक बॅटऱ्या घेऊन धावत खाली आले आणि मैदानाभोवती उभे राहिले. लांब बॅटऱ्या, इमर्जन्सी दिवे, एकाच्या डोक्याला खाणकामगारासारखा दिव्याचा पट्टा. उजेड भरपूर झाला. सयाजीरावांनी एक चढाई करून बघायला सांगितली. एक पोरगी दोन पावलं गेली आणि डोळ्यांवर हात धरून थांबली. सगळा झोत डोळ्यांत, आणि खाली मातीवर नुसत्या लांब सावल्या. रेषा दिसेनात. सयाजीरावांनी मान हलवली.

"असं नाही जमणार," ते म्हणाले. "खेळाडूला इजा होईल. मी जबाबदारी घेणार नाही."

गर्दी हिरमुसली. आत्या मात्र मान वर करून गॅलऱ्यांकडे बघत होत्या.

"वर जावा समदी," त्या म्हणाल्या. "समोरनं उजेड आला की आपलीच सावली हातावर पडती. डोक्यावरनं पायजे. शेडमदी तसा असता तर..." त्यांनी बॅटरीचा झोत जिन्याकडे वळवला. "चला, जिना चढा! कठड्याला हुबं राहा आन् खाली पाडा!"

जिन्यात तोबा गर्दी. बारा गॅलऱ्या भरल्या. कठड्यांवर ओळीनं दिवे, झाडून सगळे खाली मातीवर. मी धावत आमच्या घरी गेले, इन्व्हर्टरला लांब वायर लावली आणि गॅलरीतून तीन बल्ब खाली सोडले, गुणफलकाच्या टेबलावर. आत्या माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, धापा टाकत, आणि तिथून हुकूम सोडू लागल्या. "तिसऱ्या मजल्यावाले, जरा डावीकडं. अय, ते पोरींच्या तोंडावर नगं, पायाशी. मधली रेघ मी धरते." बॅटरी त्यांनी उजव्या हातात घेतली, नेम धरायला तोच हात बरा पडतो म्हणून. पदर कधीच खाली आला होता. तीन बोटांत घट्ट धरलेली बॅटरी त्यांनी कठड्याबाहेर सगळ्यांसमोर धरली होती.

खाली सयाजीराव मैदानात एकटे फिरले. मध्यरेषा, बोनसची रेषा, कडेच्या रेषा. प्रत्येक ठिकाणी वाकून बघितलं. दुसऱ्या संघाच्या प्रशिक्षकाची कुरकुर चालू होती, तेव्हा त्यांचीच कर्णधार म्हणाली, "खेळू की सर. असं बसून जिंकून गावात काय सांगायचं?" ती पोरगी कोण, कुठली, मला माहीत नाही, पण तिचं भलं होवो. सयाजीरावांनी शिट्टी वाजवली.

असा सामना मी परत बघणार नाही. माईक नाही, गाणी नाहीत. हातात दिवे असल्यामुळे कुणाला टाळ्याही वाजवता येईनात. एवढी माणसं आणि सगळी गप्प, फक्त खालून "कबड्डी, कबड्डी" असा एकाच पोरीचा आवाज. गुण मिळाला की गॅलऱ्यांतून गर्जना आणि लगेच आत्यांची तंबी, "हात हालवू नगा!" आमच्या पोरींनी एकेक गुण काढत आणला. समोरच्याही सोडत नव्हत्या. शेवटची चढाई उरली तेव्हा आम्ही एका गुणानं मागे होतो.

स्वरूपा गेली.

डावीकडे गेली, हूल दिली, उजवीकडे वळली, एकीला पायानं स्पर्श केला आणि परत फिरली. पण दुसरीनं झेप घेऊन तिचा घोटा धरला आणि पहिलीनं कंबर. दोघींच्या वजनाखाली स्वरूपा पोटावर पडली. मध्यरेषा वीतभर लांब होती. तिनं हात पुढं टाकला. मातीत नखं रोवली. तिचा दम संपत आलेला मला वरून ऐकू येत होता. आत्यांची बॅटरी रेषेवर होती, तसूभर हलली नाही.

शिट्टी वाजली. स्वरूपा तशीच पालथी पडलेली, हात लांब. बोटं रेषेपलीकडे गेली की नाही, ते कुणालाच कळेना. दोन्ही बाजूंनी ओरडा सुरू झाला. सयाजीराव धावत आले, गुडघ्यावर बसले आणि तिच्या हातापाशी वाकले. रेषेवर आत्यांच्या बॅटरीचा गोल पडला होता. त्या गोलात चुन्याची पांढरी रेषा, आणि तिच्यापलीकडे स्वरूपाची मातीनं माखलेली दोन बोटं.

"बोटं दिसतायत!" सयाजीराव ओरडले. "पलीकडे आहेत!" आणि त्यांनी आमच्या बाजूचा हात वर केला. दोन गुण. जिंकलो.

मग जे झालं ते विचारू नका. आता हात हलवायला परवानगी होती. बाराही गॅलऱ्यांतले दिवे एकदम नाचायला लागले, मैदानावर, आकाशात, एकमेकांच्या तोंडावर. खाली पोरींनी स्वरूपाला उचललं होतं आणि ती वर बघून ओरडत होती, "आई! आई!" बॅटरी माझ्या हातात देऊन आत्यांनी आपला उजवा हात वर केला, पूर्ण वर, आणि लेकीकडे बघून हलवला. मी तो हात धरला आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. त्यांनी मला "येडी हाय का," म्हणून चापट मारली, त्याच हातानं.

आम्रपाली मॅडम निघाल्या नव्हत्या. त्यांनी स्वरूपाला बाजूला घेऊन सांगितलं, उद्या तुझं नाव देते, सोमवारी कागद घेऊन ये. आणि तिचं नाव लागलं, हे मी आत्ताच सांगून टाकते, म्हणजे कुणाच्या जिवाला घोर नको. ठेकेदाराचा फोन आला तेव्हा तो मी घेतला. फार गोड बोलले मी त्याच्याशी.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. पहाटे जेमतेम आलेली लाईट सकाळी नेहमीसारखी गेली. मी चहा ठेवायला आत गेले तर गडद अंधार. पिठाच्या डब्यावरची बॅटरी दाबली, लागेना. मोरीची लागेना. देवघराजवळची लागेना. इन्व्हर्टर कधीच मान टाकून बसला होता. गॅलरीत जाऊन विचारलं तर सगळ्या वसाहतीत एकही बॅटरी चालू नाही. सगळ्या रात्री संपवलेल्या, आणि परत लावायचं कुणालाच सुचलं नव्हतं. इतक्या वर्षांत असा गुरुवार आला नव्हता.

आता आत्या घर डोक्यावर घेणार, म्हणून मी आधीच आवाज चढवून म्हटलं, "आत्या, घरात उजेडाला काही म्हणजे काहीच नाही!"

त्या आतल्या खोलीच्या उंबऱ्याला टेकून बसल्या होत्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं. आत अंधारात स्वरूपा गाढ झोपली होती, उताणी, हातपाय पसरून.

"असू दे की अंधार," आत्या हळूच म्हणाल्या. "पोरगी झोपलीया."